जॅकी कूगनचं पासबुक



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘निवृत्त बँक अधिकारी’ असं छापलंय आणि विषय सिनेमाचा आहे. मघाशी दारात एक गृहस्थ शेजारच्यांना म्हणत होते, ‘चुकून गेल्या वर्षीची पत्रिका तर आणली नाही ना?’ (हशा) नाही, आजचीच आहे. सिनेमावर बोलायला समीक्षकच हवा असं काही नाही. सिनेमातल्या पोराचे पैसे कुठे गेले, हे समीक्षकापेक्षा कॅशियरला जास्त कळतं.

चॅप्लिनचा ‘द किड’ तुम्ही पाहिलेला आहे असं धरून चालतो. पोरगा काचा फोडतो, मागून चॅप्लिन काचा बसवायला हजर. ते सांगत बसत नाही. पोराचं नाव जॅकी कूगन, जन्म १९१४, लॉस एंजलिस. आई-बाप दोघेही रंगमंचावरचे. चॅप्लिननं त्याला नाचताना पाहिलं आणि उचललं. शूटिंगच्या वेळी जॅकी पाच वर्षांचा होता.

त्यातला एक प्रसंग मात्र सांगतो. अनाथाश्रमाचे लोक पोराला ओढून नेतात, तो हात पसरून रडतो, ते दृश्य. चॅप्लिननं आत्मचरित्रात लिहिलंय की पोरगा काही केल्या रडेना. तेव्हा बाप म्हणाला, मी रडवतो. बाजूला नेऊन त्यानं काय सांगितलं? ‘रडला नाहीस तर तुला खरंच अनाथाश्रमात टाकू.’ पोरगा ढसाढसा रडला, दृश्य मिळालं. चॅप्लिनला वाईट वाटलं, त्यानं त्याला उचलून घेतलं, समजूत घातली. तेव्हा पोरगा हळूच म्हणाला, ‘बाबा गंमत करत होते, मला माहीत होतं.’ (हशा, टाळ्या)

हसा, हरकत नाही. पण पाच वर्षांचं पोर बापाला पुरतं ओळखून होतं, हे लक्षात ठेवा. माझ्या मते पुढचा पैशांचा सगळा घोटाळा या विश्वासातूनच झाला. खलनायक शोधू नका, मागच्या रांगेतले लगेच ‘सावत्र बाप, सावत्र बाप’ करायला लागतील. तो येईल नंतर.

१९२१ साली ‘द किड’ आला आणि जॅकी जगभर माहीत झाला. त्याच्या नावानं बाहुल्या निघाल्या, पीनट बटर निघालं. १९२३ साली मेट्रो या चित्रपट कंपनीनं नुसत्या सहीपोटी पाच लाख डॉलर मोजले. दुसऱ्या वर्षी निकट पूर्वेतल्या अनाथ मुलांसाठी त्यानं दौरा केला आणि दहा लाख डॉलरच्या वर किमतीची मदत गोळा करून दिली. त्याच्या स्वतःच्या हातात आठवड्याला सव्वासहा डॉलर. एकूण कमाई तीस ते चाळीस लाख डॉलरची असावी, असा अंदाज आहे. हिशेब बापाकडे. बाप काटेकोर होता, उधळ्या नव्हता. पोरगा एकवीसचा झाला की त्याचं त्याला मिळणार, असं घरात सगळे धरून चालले होते. कागद मात्र नव्हता.

४ मे १९३५. मेक्सिकोतून शिकार करून मंडळी परतत होती. गाडी उलटली, वडिलांसह चौघे गेले, वाचला एकटा जॅकी. त्याला एकवीस पूर्ण व्हायला सहा महिनेही उरले नव्हते.

पुढे आईनं घरचा कारभार बघणाऱ्या वकिलाशी लग्न केलं. घ्या, आला तुमचा सावत्र बाप. (हशा) जॅकीनं पैसे मागितले, मिळाले नाहीत. अडचणीत चॅप्लिनकडे गेला, त्यानं हजार डॉलर काढून दिले. १९३८ साली जॅकीनं आईवर दावा लावला. आईचं म्हणणं एवढंच, की एकविसाच्या आत पोरानं कमावलेला डॉलर अन् डॉलर आई-बापाचा. आणि कायद्यानं बाई बरोबर होती हो! कॅलिफोर्नियात तेव्हा तसाच कायदा होता. शेवटी तडजोड झाली, जॅकीच्या हाती आले १,२६,००० डॉलर.

आता थोडं विषयांतर. माझ्या शाखेत एका मुलीचं खातं होतं. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत ती पुढच्या फेरीपर्यंत गेली होती. गावानं मिरवणूक काढली, कुणी रोख दिली, कुणी चेक. वडिलांनीच आणून खातं उघडलं, अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून सही त्यांची. पासबुकावर फोटो लावला तो कार्यक्रमातलाच, कुरळ्या बटा, चमकीची टिकली. दीड-दोन वर्षांनी वडील आले. घराचा स्लॅब गळत होता. पालकानं एक छापील मजकूर सही करून द्यायचा असतो, की ही रक्कम अज्ञानाच्या हितासाठी काढत आहे. मी तो पुढे केला. त्यांनी वाचला आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाले, ‘साहेब, ती याच घरात झोपते की.’ काय उत्तर देणार? तिला शिकवायला यांनीच पेटी घेतली होती, यांनीच कामावर खाडे केले होते. सही केली, मी पैसे दिले, नियमानंच दिले. मुलगी शेजारी उभी राहून कोऱ्या स्लिपवर स्वतःच्या सहीचा सराव करत होती. खात्यात उरली किमान शिल्लक. पुढे ती...

(चिठ्ठी येते.) दहा मिनिटं? अहो, अजून कायदा राहिलाय! बरं, मुलीचं राहू दे.

मुद्दा असा, की ज्या व्यवस्थेला चांगला बाप लागतो ती व्यवस्थाच नव्हे. चांगले बापही मरतात, चांगल्या बापांचेही स्लॅब गळतात. पुढच्या रांगेत काही पालक अस्वस्थ झालेले दिसतात. तुमच्यावर आरोप नाही. प्रेम असतं तेव्हाच कागद करायचा असतो, नंतर कोर्ट करतं.

जॅकीमुळे १९३९ साली कॅलिफोर्नियात कायदा झाला, पण भोकाभोकांचा. करार कोर्टातून मंजूर करून घेतला तरच लागू. दोन दिवसांच्या कामासाठी कोर्टात कोण जातो? खरी दुरुस्ती २००० साली आली. कमाई मुलाची आणि तिच्यातले १५ टक्के मालकानं थेट मुलाच्या राखीव खात्यात टाकायचे.

आपल्याकडे बालकलाकारांसाठी बालकामगार कायद्याचे २०१७ चे नियम आहेत. दिवसाला पाच तासांवर काम नाही, सलग तीन तासांवर नाही आणि निदान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत. कुणी म्हणेल, त्यांचे पंधरा, आपले वीस, आपणच पुढे. मी म्हणतो, मागे! त्यांनी आधी सांगितलं की शंभरच्या शंभर मुलाचे, मग पंधरा कुलुपात घातले. आपण वीस कुलुपात घातले आणि ऐंशी कुणाचे याबद्दल नियमात अवाक्षर नाही.

(सभागृहातून आवाज : मग घरखर्च कोण करणार?) 

करा की! मुलाच्या पैशातूनही करा. पण मुलाच्या पैशातून केला असं लिहून ठेवा. सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा हिशेब ठेवता ना तुम्ही? (टाळ्या)

घंटा वाजली. उरलेलं आयुष्य दोन मिनिटांत सांगतो, म्हणजे त्याच्यावर अन्यायच. दुसऱ्या महायुद्धात जॅकी ग्लायडर वैमानिक होता. मार्च १९४४ मध्ये आपल्या आसामातल्या लालाघाटहून ग्लायडर उडाले आणि ब्रिटिश सेनापती विंगेटच्या सैनिकांना घेऊन ब्रह्मदेशात जपान्यांच्या पिछाडीला उतरले, त्या मोहिमेत तो होता. यावर एक वेगळं व्याख्यान होईल, सचिवांनी टिपून ठेवावं. मग टीव्हीवर ‘द अॅडम्स फॅमिली’तला टकला अंकल फेस्टर. ज्याच्या केसांवर जग भाळलं होतं, तो! त्या काळच्या मुलांनी त्याला तसाच ओळखला. १९८४ साली गेला.

त्याचा नातू कीथ, तोही लहानपणीच कॅमेऱ्यापुढे उभा राहिला. तो पोर असताना लागू होता तो १९३९ चाच कायदा, सगळ्या भोकांसह. आजोबांच्या नावाच्या कायद्याची खरी दुरुस्ती अमलात आली, तेव्हा कीथ तिशीला टेकला होता.