परीक्षेची फी आणि माझी भिशी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या गोखिवऱ्यात हल्ली घरोघर संगणकाच्या परीक्षा चालल्या आहेत. आमच्या धाकटीने अ‍ॅमेझॉनची 'क्लाउड प्रॅक्टिशनर' धरली. फी १०० डॉलर, वर कर. म्हणजे आठ हजारांवर रुपये! माझी भिशी त्यात गेली. घाईने बसली नि नापास झाली. नियम असा, की १४ दिवस थांबावयाचे आणि फी पुन्हा सगळी भरावयाची. मग मी अट घातली : कंपनीचेच फुकट मिळणारे सराव-प्रश्न आधी सोडव, मग पैसे माग. उत्तीर्ण झाली! उत्तीर्णास पुढच्या परीक्षेस निम्मी सवलत असते, ती तेवढी वाया घालवू नका. आय.आय.टी.वाल्यांच्या एनपीटीईएलचे वर्गही विनामूल्य असतात. फी केवळ परीक्षेची. दुसऱ्या खेपेचे उसने पैसे मात्र मी अजून फेडते आहे.