जुन्या डिझेल गाडीचा आवाज : सायलेन्सर कापण्याआधी



रायपूरमध्ये माझं एक छोटं गॅरेज आहे. आजचा विषय मला शोधावा लागला नाही, तो दर आठवड्याला माझ्या दारात येऊन उभा राहतो. कोणी म्हणतं, "भैया, आवाज चाहिए." आपल्या मराठी घरातली मुलं म्हणतात, "काका, जरा भारदस्त आवाज करून द्या ना." गाडी असते इंडिका, जुनी स्विफ्ट, नाहीतर बोलेरो. दहा-पंधरा वर्षं चाललेली, डिझेलची. आणि मागणी एकच : मागचा डबा कापा, सरळ पाइप टाका.

मी आधी एक प्रश्न विचारतो. तुला जो आवाज नकोसा वाटतो, तो येतोय कुठून? बहुतेकांचं बोट मागे जातं, डिझेलची खटखट मात्र पुढून, बॉनेटखालून येते.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्यात डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. पण फवारा आणि पेट घेणं यांत क्षणभराचं अंतर असतं. तेवढ्यात साचलेलं डिझेल एकदम भडकतं, दाब झटक्यानं वाढतो आणि लोखंडी ब्लॉक हातोडी बसल्यासारखा वाजतो. सायलेन्सरला काहीही केलं तरी ही खटखट जाणार नाही. स्विफ्टच्या १२४८ सीसी इंजिनात कॉमन रेल आहे. त्यात मुख्य फवाऱ्याआधी थोडंसं डिझेल सोडून ही हातोडी हलकी केलेली असते. १९९८ साली आलेल्या १४०५ सीसीच्या इंडिकात ही सोय नव्हती.

आता मागचा आवाज. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटतं. म्हणजे २००० आरपीएमला सेकंदाला साधारण ६७ ठोके. हा अगदी खालचा सूर. मागच्या डब्यात कप्पे असतात, भोकं पाडलेल्या नळ्या असतात, काहींत काचेची लोकर असते. हे सगळं त्या ठोक्यांची धार मोडतं. डबा काढला की तोच खालचा सूर गाडीच्या पत्र्याला, छताला धरून घुमायला लागतो. तेलीबांधा तलावाजवळ एक चक्कर मारताना मजा वाटते. दुर्गपर्यंत जाऊन या, कानात भुंगा बसतो. डिझेलची गाडी जास्त वेळ त्याच आरपीएमच्या आसपास चालते, म्हणून तो भुंगा जात नाही.

आणि ज्या आवाजाची मुलांना हौस असते, तो बहुधा पेट्रोल गाडीचा असतो. ते इंजिन सहा-सात हजार आरपीएमपर्यंत चढतं, त्याचा सूर चढतो. आपलं डिझेल साडेचार-पाच हजारांत थकतं. त्यात टर्बो असेल तर एक्झॉस्टचे ठोके टर्बोच्या चक्रातच निम्मे विरून जातात. २००६ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत पहिल्यांदा एका डिझेल गाडीनं जिंकली, ऑडी आर१० टीडीआय. बारा सिलिंडरची ती गाडी लोकांच्या लक्षात राहिली ती तिच्या शांतपणामुळे. तेव्हा डिझेलची ताकद आवाजावरून मोजू नका.

"पण काका, पिकअप वाढतो ना?" हेही विचारतात. इंजिनाला बॅक प्रेशर लागतं, ही गॅरेजातली जुनी समजूत चुकीची आहे. अडथळा कमी झाला तर इंजिनाला बरंच वाटतं. पण जुन्या गाडीत इंधन पंप तेवढंच डिझेल देणार, त्यामुळे हाताला लागणारा फरक नगण्य. जास्त आवाजामुळे गाडी पळाल्यासारखी वाटते, एवढंच.

आता कायद्याचं बघू. मोटार वाहन कायदा, १९८८. त्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करायचा नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाजाचं मानक मोडलं तर कलम १९० खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि वर तीन महिने लायसन्स अपात्र. पीयूसी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. डिझेलच्या पीयूसीत धूर मोजतात, आवाज नाही.

जुन्या गाडीला आणखी एक धोका आहे. पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण लागतं, पुढे दर पाच वर्षांनी. दिल्लीसारखी दहा वर्षांची डिझेलबंदी आपल्याकडे नाही, म्हणून ही गाडी अजून रस्त्यावर राहू शकते. तपासणीत कापलेला सायलेन्सर दिसला तर ती संधी आपणच घालवली.

एक मुलगा आला होता. वडील गेलेले, मागे राहिली त्यांची इंडिका. मित्र तिला खटारा म्हणतात. मला म्हणाला, "काका, लोकांनी वळून बघितलं पाहिजे." त्याचं दुखणं मला कळलं. त्याला आवाज नको होता, गाडीला मान हवा होता. तो देता येतो, आणि कायद्यात राहून देता येतो. कसा, ते क्रमानं सांगतो.

पहिलं, गळती शोधा. इंजिन थंड असताना सुरू करा, जाड कापडाची घडी क्षणभर टेलपाइपवर धरा आणि गाडीखालून फुसफुस येते का ऐका. छोट्या छोट्या फेऱ्यांत डबा पुरता तापत नाही, आत पाणी साचतं आणि तो खालून गंजतो. गळतीचा फाटका आवाज लोक इंजिनाचा समजतात. शिवाय तो धूर आत बसणाऱ्यांच्या नाकात जातो.

दुसरं, रबर. सायलेन्सर ज्या रबरांवर लटकतो ती, आणि इंजिन माउंटिंग. ही कडक झाली की सगळी थरथर बॉडीत उतरते.

तिसरं, इंजेक्टर तपासून घ्या आणि पंपाचं टायमिंग बघा. टायमिंग पुढे गेलं की खटखट वाढते, मागे गेलं की धूर वाढतो.

चौथं, एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण नीट बसतंय का, बॉनेटखालचं अस्तर शाबूत आहे का.

एवढं करून मूळ मापाचा नवा सायलेन्सर बसवा. गाडी शांत होत नाही, तिचा आवाज एकसंध होतो. खालच्या सुरात, गोल, दमदार. त्या मुलाच्या इंडिकाचं हेच केलं. वडिलांच्या वेळी अशीच वाजायची, असं त्याची आई म्हणाली.

शेवटी शेजाऱ्यांचं. वस्तीतल्या आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५. दहा डेसिबल वाढले की ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. मेकाहारासारख्या इस्पितळाभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र असतं, तिथे रात्रीची मर्यादा ४० आहे. आपली हौस पाच सेकंदांत पुढे निघून जाते, पण खाटेवरच्या माणसाची मोडलेली झोप लवकर परत येत नाही.

तेव्हा वेल्डिंगवाल्याकडे जाण्याआधी बॉनेट उघडा, गाडीखाली वाका आणि दहा मिनिटं ऐका. जुनी गाडी काय दुखतंय ते स्वतःच सांगते.