निकेलचा फुलोरा

जर्मनीत सॅक्सनी नावाचा प्रांत आहे. त्याच्या दक्षिणेकडील डोंगरांत ॲनाबर्ग हे खाणींचे जुने गाव. त्या डोंगरांतल्या खाणकामगारांना चांदी शोधता शोधता कधी एक तांबूस, जड धोंडा सापडे. तांबेच मिळाले म्हणून ते तो भट्टीत घालीत. तांबे तर निघत नसेच, उलट विषारी धूर मात्र निघे! चिडून त्यांनी त्याचे नाव ठेवले 'कुप्फरनिकेल', म्हणजे तांब्याचे सोंग घेणारे भूत. खरे पाहता तो निकेल आणि आर्सेनिक यांचा धोंडा होता. आर्सेनिक म्हणजे आपल्या ओळखीच्या सोमलातले मूलद्रव्य.

हा धोंडा ओलसर हवेत पडून राहिला की त्याच्या अंगावर कोवळ्या पोपटी रंगाची साय धरते. 1751 साली स्वीडनमधील आक्सेल क्रोनस्टेट यांनी असल्याच एका झिजलेल्या धोंड्यावरचे हिरवे कण भाजले, कोळशाबरोबर तापवले आणि एक नवा धातू मिळवला. नाव दिले त्या भुताचेच, निकेल. 1950 साली आपल्याकडे निघालेला रुपया निव्वळ निकेलचा होता. कुणाच्या घरी जपून ठेवलेला असेल तर लोहचुंबक लावून पाहा, चिकटेल.

त्या हिरव्या सायीला खाणकामगार 'निकेलचा फुलोरा' म्हणत. 1852 साली गावावरून तिचे शास्त्रीय नाव पडले, ॲनाबर्गाइट. आता ती आहे तरी कशाची? निकेलचे तीन अणू, आर्सेनेटचे दोन गट आणि पाण्याचे आठ रेणू. आर्सेनेट म्हणजे आर्सेनिकच्या एका अणूभोवती प्राणवायूचे चार. वजनाने शंभर भाग घेतले तर निकेल सुमारे 29, आर्सेनिक 25, पाणी 24 आणि उरलेला प्राणवायू. दगडात जवळजवळ चौथा हिस्सा पाणी! नवल वाटेल, पण द्राक्षांवर फवारायच्या मोरचुदातही असेच पाणी बांधलेले असते. निळे मोरचूद तापवले की पाणी जाते आणि ते पांढरे पडते, हे शिक्षकांनी वर्गात दाखवलेलेच असेल.

बरं, हे खनिज कोणत्या घराण्यात घालायचे? निकेलच्या, असे तुम्ही म्हणाल. खनिजशास्त्र तसे म्हणत नाही. खताच्या गोणीवर तुम्ही 'स्फुरद' वाचता ना? स्फुरद आणि आर्सेनिक मूलद्रव्यांच्या तक्त्यात एकाच रांगेत, एकाखाली एक बसतात. प्राणवायूचे चार अणू दोघेही सारख्याच घाटाने धरतात. म्हणून फॉस्फेट आणि आर्सेनेट खनिजांचा वर्ग एकच. त्यात व्हिव्हियनाइट हे तीन लोखंड, दोन फॉस्फेट, आठ पाणी असे खनिज आहे. घराणे त्याच्या नावाचे. लोखंडाच्या जागी निकेल आणि फॉस्फेटच्या जागी आर्सेनेट आले की ॲनाबर्गाइट. निकेलऐवजी कोबाल्ट आले की गुलाबी एरिथ्राइट. वाडा तोच, बिऱ्हाडे बदलली!

गंमत अशी की निकेल आणि कोबाल्ट ही बिऱ्हाडे एकाच स्फटिकात शेजारी शेजारी राहतात. मग नाव कोणाचे लावायचे? ज्याचे अणू जास्त, त्याचे. डोळे मात्र इथे दगा देतात, कारण हिरवा आणि गुलाबी एकमेकांना मारतात आणि दगड फिका, करडा दिसतो. मॅग्नेशियम शिरले तरी हिरवा रंग उतरतो. तेव्हा खरा निवाडा रासायनिक पृथक्करणाचा आणि क्ष-किरणांचा.

शिक्षकबंधूंनो, मुले डोंगरावरून हिरवे दगड आणतात. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत जे हिरवे अस्तर असते ते बहुधा सेलाडोनाइट, म्हणजे लोह, मॅग्नेशियम आणि पालाश असलेले सिलिकेट. त्यात निकेलचे खनिज शोधू नका. पण कुणी बाहेरून ॲनाबर्गाइटचा नमुना आणलाच, तर एक सांगणे आहे. जुन्या पुस्तकांत लिहिलेले असते की कोळशावर तापवा, लसणासारखा वास आला की आर्सेनिक समजा. हा प्रयोग वर्गात मुळीच करू नका. तो वास म्हणजे विषारी धूरच. शिवाय ज्या सारखेपणामुळे आर्सेनेट स्फुरदाच्या घराण्यात बसते, त्याच सारखेपणाने ते शरीरालाही फसवते. फॉस्फेट समजून पेशी ते आत घेतात आणि त्यांचे काम बिघडते. नमुना काचेच्या बंद डबीत ठेवा, त्याची भुकटी होऊ देऊ नका आणि हात लागलाच तर साबणाने धुवा.