भाडं वाढवायचं कुणी?



हिंजवडी, भूगाव, पिरंगुट इथं भाड्यानं राहणाऱ्यांना ‘अकरा महिने’ हे दोन शब्द पाठ असतात. करार संपत आला की घरमालकाचा फोन येतो. भाडं बहुधा दहा टक्क्यांनी वाढतं. परवडलं तर राहा, नाहीतर टेम्पो बोलवा. मग वाटतं, सरकारनंच भाड्याची घरं बांधावीत. जरूर बांधावीत. पण त्यांचं भाडं वाढवायचं कुणी?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यानुसार जुन्या पद्धतीच्या भाडेकरूचं भाडं, दुरुस्ती आणि करांची वाढ सोडली, तर वर्षाला ४ टक्क्यांनी वाढवता येतं. मात्र याच कायद्याच्या कलम ३ नं सरकारच्या आणि स्थानिक संस्थांच्या मालकीच्या जागा बाहेर ठेवल्या. दुसऱ्याच्या बैलाला वेसण, आपला मोकळा!

भाडं वाढूच नये, असं मी म्हणत नाही. मुंबईत जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठली, चाळींच्या डागडुजीला पैसा उरेना. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानंही ही गोठवणूक अवाजवी ठरवली. भाडं वाढावं, पण किती ते आधी ठाऊक असावं. केंद्राच्या २०२० च्या भाड्याच्या घरांच्या योजनेत तसं आहे : दोन वर्षांनी ८ टक्के, पाच वर्षांत एकूण २० टक्क्यांच्या आत.

नुसतं सूत्रही पुरत नाही. इंग्लंडमध्ये सरकारी घरांना महागाईचा दर अधिक १ टक्का, असा हिशेब होता. २०२३ साली तो ११ टक्क्यांवर जाऊ लागला, तेव्हा सरकारनं ७ वर रोखला. न्यूयॉर्कमध्ये खासगी नियंत्रित घरांची भाडेवाढ ठरवायला नऊ जणांचं मंडळ आहे : दोघे भाडेकरूंचे, दोघे मालकांचे, पाच जनतेचे. आधी जाहीर सुनावणी, मग मतदान.

सरकारी घरांसाठी आपल्याकडे असं मंडळ तालुक्याच्या पातळीवर असावं. दुरुस्तीवर किती खर्च झाला, त्याचा हिशेब आधी भिंतीवर लागावा, वाढीची नोटीस नंतर. भाडं घेणाऱ्यानंच ते ठरवू नये.

आपल्या मुळशी तालुक्यानं लोकांना न विचारता झालेला निर्णय पाहिलाय. धरणाचा बेत मुंबईत झाला, पाणी इथल्या भातखाचरांत शिरणार होतं. म्हणून १९२१ साली मावळे सत्याग्रहाला बसले. उद्या पौडला सरकारी घरं झाली, तर भाडेकरूसाठी खुर्ची पहिल्याच बैठकीत मांडलेली असावी.