स्कॅनर घेण्यापूर्वी

अमेरिकेतील कित्येक घरांत नभोवाणीच्या यंत्राशेजारी आणखी एक लहानसे यंत्र आढळते. त्यास स्कॅनर म्हणतात. नभोवाणीचे यंत्र निवडलेल्या एका केंद्रावर स्थिर राहते. स्कॅनर मात्र शेकडो लहरींवरून झरझर फिरत राहतो आणि जेथे कोणी बोलत असेल तेथे थबकतो. पोलिसांच्या गाड्या, अग्निशमन दलाचे बंब आणि रुग्णवाहिका यांना दिले जाणारे आदेश त्यातून घरबसल्या ऐकू येतात.

१९२८ साली डेट्रॉइटच्या पोलिसांनी आपल्या गाड्यांना बिनतारी आदेश देण्यास आरंभ केला. ते शब्द उघड्या आकाशातून जात, आणि ज्याच्यापाशी योग्य यंत्र असेल त्याच्या कानी पडत. न्यूयॉर्कचा वृत्तछायाचित्रकार आर्थर फेलिग, जो विजी या नावाने प्रसिद्धीस आला, त्याने १९३८ साली आपल्या मोटारीत पोलिसी रेडिओ बसविण्याची परवानगी मिळविली. वृत्तपत्रांना वार्ता मिळे, वणव्याच्या प्रदेशातील रहिवाशांना आग कोणत्या टेकडीकडे वळली ते कळे, आणि आपल्या गल्लीत पोलीस कशासाठी आले आहेत हे सामान्य नागरिकासही समजे.

आता हे शब्द एकेका शहरात कुलूपबंद होऊ लागले आहेत. डेन्व्हरच्या पोलिसांनी २०१९ साली आपले संभाषण कूटबद्ध केले. शिकागोने २०२२च्या अखेरपर्यंत तेच केले आणि जनतेसाठी अर्ध्या तासाच्या विलंबाने प्रक्षेपण ठेवले. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २०२३ साली ब्रुकलिनपासून प्रारंभ केला. अशा काळात नवा स्कॅनर घेऊ इच्छिणाऱ्याने पैसे मोजण्यापूर्वी काही गोष्टी नीट समजून घेणे इष्ट होय.

पहिली गोष्ट ही की, डिजिटल आणि कूटबद्ध हे दोन शब्द एक नव्हेत. दुकानदाराच्या बोलण्यात त्यांची अनेकदा गल्लत होते. डिजिटल संदेश हा मोडीत लिहिलेल्या पत्रासारखा असतो. केवळ बाळबोध जाणणाऱ्यास तो वाचता येत नाही, परंतु मोडी शिकलेल्यास सहज वाचता येतो. अमेरिकेतील पोलीस व अग्निशमन दले ‘प्रोजेक्ट २५’ नावाची डिजिटल पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरतात, आणि तिचे दोन्ही टप्पे उलगडणारे स्कॅनर बाजारात मिळतात. कूटबद्ध संदेश मात्र लोखंडी तिजोरीत ठेवलेल्या पत्रासारखा असतो. त्यासाठी बहुधा वापरली जाणारी २५६ बिटांची किल्ली ज्यांच्याजवळ आहे, त्यांनाच तो कळतो. सहाशे डॉलरांचा स्कॅनर असो वा साठ डॉलरांचा, ती तिजोरी कोणताही स्कॅनर उघडू शकत नाही, आणि ती फोडण्याचा प्रयत्न करणे तेथील कायद्यालाही मान्य नाही.

यास्तव कोणता स्कॅनर उत्तम, हा प्रश्न नंतरचा. आपल्या गावात ऐकण्याजोगे काय उरले आहे, हा प्रश्न आधीचा. रेडिओरेफरन्स या संकेतस्थळावर गावोगावच्या लहरींची नोंद असते, आणि कोणते संभाषण पूर्णतः वा अंशतः कूटबद्ध आहे तेही तेथे दर्शविलेले असते. ब्रॉडकास्टिफाय या सेवेवर अनेक शहरांतील उघडे संभाषण फुकट ऐकता येते. आठ दिवस ते ऐकावे. तेवढ्याने जिज्ञासा शमत असेल, तर यंत्राची गरजच उरत नाही.

उरलेले संभाषण जुन्या अॅनालॉग पद्धतीचे असेल, तर साधा स्वस्त स्कॅनर पुरतो. विमाने, जहाजे, आगगाड्या, हवामानाच्या सूचना आणि लहान गावांची कित्येक अग्निशमन दले त्यावर ऐकू येतात. जेथे ट्रंकिंगची पद्धत आहे, तेथे प्रत्येक खात्याला कायमची लहर नसते. तिकिटाची रांग एकच असावी आणि जी खिडकी मोकळी होईल तिच्याकडे पुढच्या माणसास पाठवावे, त्याप्रमाणे प्रत्येक संभाषणाला मोकळी लहर नेमून दिली जाते. ही नेमणूक समजणारा स्कॅनर तेथे लागतो. मोठ्या शहरांत याहून एक अडचण असते. अनेक टॉवर एकाच लहरीवर तेच शब्द एकाच वेळी सोडतात. ते किंचित मागेपुढे पोहोचून घाटातील प्रतिध्वनींप्रमाणे एकमेकांत मिसळतात आणि साधे डिजिटल यंत्र गोंधळून जाते. युनिडेन कंपनीचा २०१८ साली आलेला एसडीएस १०० हा स्कॅनर मुख्यतः याच अडचणीसाठी घडविलेला आहे. ही अडचण नसेल, तर त्याची मोठी किंमत मोजण्याचे कारण नाही. ज्यास संगणकाची सवय आहे, त्याला तीसचाळीस डॉलरांच्या यूएसबी ग्राहकावरही पुष्कळ काही ऐकता येते. मोटारीत स्कॅनर ठेवण्यास न्यूयॉर्कसह काही राज्यांत निर्बंध आहेत, हेही ध्यानी घ्यावे.

बडोदे, इंदूर, हैदराबाद येथील अनेक मराठी कुटुंबांची मुले आज न्यू जर्सीत आणि शिकागोत नांदत आहेत. त्यांनी मायदेशी येताना भेट म्हणून असे यंत्र आणू नये. आपल्याकडे बिनतारी यंत्रावर परवान्याचे बंधन १९३३च्या कायद्यापासून चालत आलेले आहे.

आता यंत्रापलीकडचा प्रश्न. पोलिसांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. उघड्या लहरींवरून पीडित स्त्रीचे नाव, आजाऱ्याचा पत्ता, एखाद्याची जन्मतारीख साऱ्या गावाला ऐकू जावी, हे कोणासही रुचणार नाही. परंतु गुप्तता कोणाच्या रक्षणासाठी आहे, हे प्रत्येक वेळी विचारले पाहिजे. ख्रिस्ती धर्मात पापनिवेदनाची गुप्तता कसोशीने पाळली जाते, ती निवेदन करणाऱ्याच्या रक्षणासाठी. ऐकून घेणाऱ्याच्या सोयीसाठी नव्हे. नागरिकाचे नाव झाकणे एक, आणि अधिकाऱ्याचे वर्तन झाकणे दुसरे. सरसकट कूटबद्धतेत दोन्ही एकाच पडद्याआड जातात. अर्ध्या तासाने ऐकू आलेली वार्ता इतिहास म्हणून उपयोगी पडेल. दाराशी आलेल्या संकटाची सूचना म्हणून ती निरुपयोगीच.

मधला मार्ग नाही असेही नाही. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो शहराने जानेवारी २०२१ मध्ये पोलिसी संभाषण कूटबद्ध केले होते; सप्टेंबर २०२२ मध्ये ते पुन्हा खुले करण्यात आले. नाव, जन्मतारीख यांसारखा खाजगी तपशील अन्य मार्गाने कळवावा आणि बाकीचे संभाषण उघड्यावर चालू ठेवावे, अशी तेथील व्यवस्था ठरली. ती कोणत्याही नव्या यंत्राने घडवून आणलेली नाही. नागरिकांनी आणि वृत्तपत्रांनी नगरसभेपुढे हा प्रश्न लावून धरला, तेव्हा ती घडली.

म्हणून स्कॅनर घेणाऱ्याने दुकानात जाण्यापूर्वी आपल्या नगरसभेच्या बैठकीस एकदा अवश्य जावे. काय ऐकू येईल आणि काय येणार नाही, याचा निर्णय तेथे होत असतो. शहराने जे खुले ठेवले असेल, तेवढेच यंत्र ऐकवील.