चेटकीण पुस्तकातच बरी

यंदा वाचलेल्या दोन अद्भुत कादंबऱ्यांबद्दल सांगते.

पुण्याच्या नारायण धारपांची ‘लुचाई’ अंगावर काटा आणते. मधे थोडी लांबते, पण हातातून सुटत नाही.

‘हॅरी पॉटर’ही आता मराठीत मिळतं. मला हॅरीपेक्षा हर्मायनी आवडली. जादू शिकणारी, म्हणजे आपल्या भाषेत चेटकीणच. पण अभ्यासू, मित्रांसाठी धावून जाणारी.

पुस्तक मिटलं की त्यातली भीती संपते. गावात मात्र एकट्या बाईला कुणी चेटकीण म्हटलं, की तिचं जगणं अवघड होतं. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. असा आळ घेणं गुन्हा आहे. ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गटात अशी पुस्तकं जरूर वाचा. पण तशी कुजबुज कानावर आली, तर तिथंच थांबवा.