वॅटांचा आकडा आणि कानांचा न्याय

घरातल्या घरात चित्रपटगृहाचा आनंद घ्यावा, ही हौस आता मूठभर धनिकांपुरती उरलेली नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की चेन्नईची रिची स्ट्रीट, पाच स्पीकर व एक सबवूफर यांचा लवाजमा घेऊन घरी परतणारे गृहस्थ तेथे दृष्टीस पडतात. स्पीकर निवडताना ही मंडळी कान देऊन ऐकतात. परंतु त्या स्पीकरांना शक्ती पुरविणारे यंत्र घेताना मात्र खोक्यावरील वॅटांचा आकडा तेवढा वाचतात. पैसे फुकट जातात ते बहुधा येथेच.

रिसीव्हर म्हणजे वस्तुतः तीन यंत्रांचे एकत्र कुटुंब. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स इत्यादींतून येणाऱ्या ध्वनींपैकी हवा तो निवडणे, डॉल्बीसारख्या सांकेतिक रूपात आलेला ध्वनी उलगडून ज्या त्या स्पीकरचा वाटा वेगळा करणे, आणि शेवटी त्याचे वर्धन करणे, ही तिन्ही कामे तो करतो. निव्वळ अ‍ॅम्प्लिफायरला हे उलगडणे येत नाही. तेव्हा पाच स्पीकरांसाठी रिसीव्हर घेणे क्रमप्राप्त. दोनच स्पीकर आणि प्रामुख्याने संगीत असेल, तर तेवढ्याच पैशात चांगला स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर बहुधा अधिक समाधान देतो.

आता वॅटांकडे वळावे. गेल्या शतकाच्या अखेरीस भारतीय बाजारात पी.एम.पी.ओ. या चार अक्षरांनी मोठा धुमाकूळ घातला. भिंतीतून जेमतेम एखाद्या दिव्याएवढी वीज घेणाऱ्या संचाच्या खोक्यावर हजार वॅटांचा आकडा खुशाल झळकत असे! त्याला कोणतीही सर्वमान्य कसोटी नव्हती. अमेरिकेत अशा दाव्यांना आवर घालण्यासाठी व्यापार आयोगाने १९७४ मध्ये नियम केला आणि २०२४ मध्ये तो अधिक कडक केला. तथापि रिसीव्हरच्या माहितीपत्रकातील मोठा आकडा आजही पुष्कळदा एकच वाहिनी चालवून, एकाच स्वरावर आणि १० टक्के विकृती पत्करून काढलेला असतो. ८ ओहमच्या भारावर, २० ते २०,००० हर्ट्झ या संपूर्ण पट्ट्यात, अत्यल्प विकृतीसह, दोन वाहिन्या एकदम चालवून किती वॅट मिळतात, ते बारीक अक्षरांतील वाक्य शोधून वाचावे.

तो खरा आकडा हाती आला, तरी त्याचे महत्त्व समजते त्याहून कमीच असते. शक्ती दुप्पट केली, तर ध्वनी केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट मोठा वाटावा, तर शक्ती सुमारे दहापट लागते. म्हणजे ८० वॅटांऐवजी १०० वॅटांचे यंत्र घेतल्याने पदरात पडते ते एक डेसिबल! याउलट स्पीकरची संवेदनक्षमता फार काही ठरवून जाते. १ वॅट शक्तीवर १ मीटर अंतरावर ८७ डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी ९० डेसिबल देणारा घेतला, की निम्म्या शक्तीत तेच काम भागते. बैठकीच्या साध्या खोलीत तीन मीटरांवर बसून पाहणाऱ्यास एरवी दोन-चार वॅटही पुरतात. उरलेली शक्ती स्फोटाच्या वा ढोलताशांच्या क्षणिक उसळीसाठी राखीव ठेवायची. (शेजाऱ्यांचा विचार येथे केलेला नाही.)

या उसळीला यंत्र अपुरे पडले, की ध्वनिलहरींचे शेंडे छाटले जातात. त्यातून नको ते उच्च स्वर निर्माण होऊन ट्वीटरवर त्याच्या शक्तीपलीकडचा भार पडतो आणि त्यातील तारेचे नाजूक वेटोळे जळते. म्हणूनच दुबळे यंत्र ताणून वाजविणे हे जोरकस यंत्र बेताने वाजविण्यापेक्षा पुष्कळदा अधिक घातक ठरते. स्पीकर ४ ओहमचे असतील, तर ते दुप्पट विद्युतप्रवाह मागतात. तसा भार सोसण्याची ग्वाही यंत्राच्या पाठीवर लिहिलेली नसेल, तर ती जोडी न जुळविलेलीच बरी.

परदेशस्थ आप्ताकडून यंत्र मागविणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. अमेरिकेसाठी बनविलेले पुष्कळसे रिसीव्हर १२० व्होल्टवर चालतात. भारतातील वीज २३० व्होल्टची. पुरेशा क्षमतेचा उतरता ट्रान्सफॉर्मर मध्ये न घालता ते जोडले, तर आत काहीतरी जळण्याचीच शक्यता अधिक. आणि यंत्र येथलेच असले, तरी ते काचेच्या बंद कपाटात कोंडू नये. त्याला उष्णता बाहेर टाकण्यासाठी वर मोकळी जागा लागते. वरच्या झरोक्यांवर शोभेचा भरतकाम केलेला रुमाल तर मुळीच घालू नये.